झोपलेल्या पेशी जाग्या करायच्या, पण परत झोपवणार कोण?

मागे एकदा ओळखीच्या एका काकांनी मला फोनवर जाहिरात पाठवली, "तुमच्या शरीरात झोपलेल्या स्टेम सेल जाग्या करा आणि वय मागे न्या", आणि खाली प्रश्न, अरे तू हे असलं काहीतरी वाचत असतोस ना, मग सांग, घेऊ का? मी घाईत "नको" एवढंच टाइप करून टाकलं. काकांना ते पटलं नसणार हे उघड आहे, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, त्याला नुसता नकार देऊन भागत नाही, कारण द्यावं लागतं. ते कारण लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की त्याचा हा लेख झाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. स्टेम सेल जागी करणं ही फार मोठी करामत नाहीये, ताप आला, रक्त गेलं, जखम झाली की शरीर ते आपोआप करतच असतं. अवघड आहे ते काम झाल्यावर तिला वेळेवर परत झोपवणं, आणि म्हातारपणात जे बिघडतं त्यातला मोठा भाग हाच, झोप आणि जाग यांच्यावरचा ताबा. म्हणून जो कोणी पैसे घेऊन "जाग्या करतो" म्हणतो त्याने त्या माणसाचं पुढे किमान पंधरा वर्षं काय झालं याची नोंद ठेवलीच पाहिजे, मर्जी असेल तर नाही, कायद्याने, आणि ती नोंद कोणालाही बघता आली पाहिजे.

आता स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, हे शरीराचं मुद्दल समजा. रोजचं काम करणाऱ्या पेशी, म्हणजे रक्तातल्या, कातडीच्या, आतड्याच्या अस्तरातल्या, हे सगळं व्याज, ते खर्च होतं आणि परत तयार होतं. मुद्दलाला हात कमीत कमी लावायचा. उंदरांच्या बोन मॅरोमधल्या सगळ्यात खोल झोपलेल्या मूळपेशींचा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला तेव्हा असं दिसलं की ती पेशी साधारण १४५ दिवसांतून एकदा विभागते, म्हणजे उंदराच्या अख्ख्या आयुष्यात पाचेक वेळा, बस. बाकी सगळा रक्ताचा कारखाना तिच्या मुली, नाती, पणत्या चालवतात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा धक्काच बसला होता, कारण डोक्यात चित्र उलटं होतं, की स्टेम सेल म्हणजे सतत धडाधड विभागणारी पेशी.

विभागायचं की नाही हे ठरतं कसं? त्याची एक ठरलेली फेरी आहे, तिला पेशीचक्र म्हणतात. आधी जी-वन, त्यात पेशी वाढते आणि अंदाज घेते, मग एस, त्यात डीएनएची कॉपी होते, मग जी-टू, त्यात तपासणी, मग एम, त्यात प्रत्यक्ष दोन तुकडे. आणि या फेरीच्या बाहेर एक बाकडं आहे, जी-झिरो, तिथे पेशी बसून राहते, मेलेली नसते, थकलेलीही नसते, फक्त बसलेली असते. फेरी पुढे ढकलणारी मशीन सापडली ती माणसात नाही, यीस्टमध्ये आणि समुद्री अर्चिन या काटेरी जीवाच्या अंड्यात. लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट या तिघांना त्यासाठी २००१ चं नोबेल मिळालं. त्यातला नर्सचा १९८७ चा प्रयोग मला फार आवडतो, यीस्टमधलं ही फेरी पुढे ढकलणारं एक जीन बिघडवलं आणि त्याच्या जागी माणसाचं जीन टाकलं, तर यीस्ट आरामात विभागायला लागलं! म्हणजे ही मशीन इतकी जुनी आणि इतकी महत्त्वाची आहे की शंभर कोटी वर्षांतही उत्क्रांतीने तिच्यात फार हात घातला नाही. असो.

या मशीनला ब्रेकही आहेत आणि आपला विषय खरा तिथेच सुरू होतो. पी५३ नावाचं प्रोटीन डीएनए तुटलेला दिसला की आरडाओरडा करतं, ते पी२१ ला कामाला लावतं, पी२१ फेरी थांबवतं. दुसरा ब्रेक पी१६, तो जी-वनमधून पुढे ढकलणाऱ्या सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमना अडवतो. नावं नाही लक्षात राहिली तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा की पी२१ हा बराचसा तात्पुरता ब्रेक आहे आणि पी१६ एकदा घट्ट बसला की बहुतेक वेळा सुटत नाही, हँडब्रेक गंजल्यासारखं.

ब्रेक काढला तर काय होतं? २००० मध्ये उंदरांवर हे करून बघितलं गेलं, पी२१ नसलेल्या उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशी जास्त जाग्या राहायला लागल्या, सुरुवातीला संख्याही वाढली, जाहिरातवाल्यांना आवडेल असंच सगळं. मग त्या पेशींवर ताण टाकला, एका उंदरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असं ट्रान्सप्लांट करत गेले, तर त्या लवकर संपल्या. मुद्दल खाऊन टाकलं. केस पांढरे होण्याचंही तसंच, २०२० मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की उंदराला जबरदस्त ताण दिला की त्वचेतल्या नसांमधून नॉरॲड्रेनलिन सुटतं, त्यामुळे केसांना रंग देणाऱ्या मूळपेशी एकदम जाग्या होतात, सगळ्या विभागतात, रंगपेशी बनतात, जागा सोडून निघून जातात, आणि मागे कोणीच उरत नाही, केस कायमचा पांढरा. म्हणजे ज्याला आपण म्हातारपणाची खूण म्हणतो तिथे पेशी झोपून राहिल्या म्हणून नुकसान झालेलं नाही, नको तेव्हा उठल्या म्हणून झालंय. याच प्रयोगात विभाजन औषधाने दाबलं तर रंग टिकला.

मग झोप चांगली आणि जाग वाईट, असं आहे का? तसंही नाही, आणि इथे मला स्वतःलाच जरा आवरावं लागतं कारण वरची गोष्ट इतकी छान बसते की तिथेच थांबावंसं वाटतं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर नीट दुरुस्ती करायला शेजारी ताजी कॉपी लागते, ती कॉपी एस आणि जी-टूमध्येच असते. झोपलेल्या पेशीकडे ती नसते, त्यामुळे ती तुटकी टोकं कशीबशी चिकटवते आणि त्यात चुका राहतात. म्हणजे वर्षानुवर्षं झोपणं हेही फुकट नाही. आतड्याच्या अस्तरातल्या मूळपेशी तर झोपतच नाहीत, जवळजवळ रोज विभागतात, तिथे सगळं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, आणि तरी ती व्यवस्था कितीतरी वर्षं चालते. त्यामुळे प्रत्येक अवयवाची झोपेची शिस्त वेगळी आहे, आणि "सगळ्या शरीरातल्या स्टेम सेल ॲक्टिव्हेट" असं जे लिहिलेलं असतं ना, ते वाचूनच समजावं की लिहिणाऱ्याने हा विषय उघडून बघितलेला नाही.

वय वाढतं तसं ब्रेकचं काय होतं हे २००६ मध्ये एकदम स्पष्ट झालं, एकाच वेळी तीन पेपर आले, रक्तावर, मेंदूवर आणि स्वादुपिंडावर, तिन्हीत एकच गोष्ट, वयाबरोबर पी१६ वाढतं आणि त्यामुळे नवीन पेशी बनवायची ताकद कमी होते. पी१६ काढून टाकलेल्या म्हाताऱ्या उंदरांच्या पेशी जास्त चांगलं काम करत होत्या. स्नायूंमध्ये २०१४ ला आणखी पुढचं दिसलं, अगदी जख्ख म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूतल्या मूळपेशी झोपेतून कायमच्या बंद अवस्थेत जातात, तिला सेनेसन्स म्हणतात, आणि पी१६ दाबलं तर त्यातून त्या परत बाहेर येऊ शकतात. हे वाचून कोणालाही वाटेल, मग काढा की तो पी१६!

पण तो तिथे उगाच बसलेला नाही. ज्या पेशीने इतकी वर्षं डीएनएच्या चुका गोळा केल्यात तिला विभागू द्यायचं नाही, हे त्याचं काम. पी१६ चं जीन माणसाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा मोडलेलं सापडणाऱ्या जीन्सपैकी आहे, आणि पी१६ नसलेल्या उंदरांना ट्यूमर जास्त होतात. उलट बाजूने बघायचं तर २००२ मध्ये चुकून असे उंदीर तयार झाले ज्यांचं पी५३ नेहमीपेक्षा जास्त कडक होतं, त्यांना कॅन्सर फारच कमी झाला, पण ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ, अवयव आकसलेले, आणि साधारण ११८ आठवड्यांऐवजी ९६ आठवड्यांत गेले. ब्रेक सैल तर कॅन्सर, ब्रेक घट्ट तर म्हातारपण. अशी ही कात्री आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो, कारण या कात्रीचा दाखला देऊन काही लोक एकदम हात वर करतात, की निसर्गाने ठरवलंय, काही करू नका. मला तेही मान्य नाही. त्याच २००२ मध्ये स्पेनमध्ये दुसरे उंदीर बनवले गेले, त्यांना पी५३ च्या जीनची एक जादा प्रत दिली, पण त्याच्या नेहमीच्या स्विचसकट, म्हणजे गरज असेल तेव्हाच चालू होणारी. ते लवकर म्हातारे झाले नाहीत आणि कॅन्सरही कमी. पुढे पी५३ च्या जोडीला आर्फ नावाच्या दुसऱ्या जीनचीही जादा प्रत दिलेले उंदीर सरासरी जास्त जगले. म्हणजे ब्रेक किती मोठा आहे यापेक्षा तो वेळेवर लागतो आणि वेळेवर सुटतो का याला जास्त महत्त्व आहे. २०११ आणि २०१६ च्या प्रयोगांत पी१६ चालू असलेल्या पेशी उंदरांतून निवडून मारल्या तर त्यांचं म्हातारपण लांबलं, २०१६ मध्ये तर सरासरी आयुष्य साधारण चौथ्या हिश्शाने वाढलं. आहे ना आशा? आहे. पण २०२० मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अशाच विचाराचं एक औषध माणसांत वापरून बघितलं तर ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा, सरस ठरलं नाही, आणि त्याच वर्षी उंदरांच्या लिव्हरमध्ये असं दिसलं की पी१६ असलेल्या काही पेशी महत्त्वाचं काम करत होत्या, त्या काढल्या तर लिव्हरमध्ये व्रणासारखं तंतुमय जाळं वाढलं. थोडक्यात संशोधन भरपूर करा, त्यावर पैसा घाला, माझा विरोध विक्रीला आहे, तीही आत्ताच्या विक्रीला.

माणसाच्या रक्तात हे सगळं कुठे जातं ते बघा. तरुणपणी आपल्याला रक्त पुरवणाऱ्या मूळपेशी हजारोंच्या, कदाचित लाखाच्या घरात असतात, सगळ्या थोडं थोडं देतात. २०२२ मध्ये पेशी-पेशीचा डीएनए वाचून दाखवलं गेलं की पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांत मात्र निव्वळ दहा-वीस कुळांकडून, म्हणजे एकेका मूळपेशीच्या वंशाकडून, ३० ते ६० टक्के रक्त येत होतं. ही कुळं जिंकतात कशी, तर त्यांच्यात कधीतरी असं म्युटेशन झालेलं असतं की त्या इतरांपेक्षा किंचित जास्त वेळा विभागतात, किंचितच, पण चाळीस-पन्नास वर्षांचं चक्रवाढ व्याज आहे ते. याला क्लोनल हिमॅटोपोएसिस म्हणतात, सत्तरीच्या पुढे दहातल्या एकाला तरी ते साध्या तपासणीत सापडतं, त्यातल्या बहुतेकांना ब्लड कॅन्सर होत नाही पण धोका वाढतो, हृदयविकाराचाही वाढतो. हॉलंडच्या हेंड्रिक्ये फान आंडेल-स्खिपर बाई ११५ वर्षं जगल्या, २००५ मध्ये गेल्या, देह विज्ञानाला दिला होता, तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बहुतेक दोनच मूळपेशींच्या वंशातून येत होत्या! बाई शेवटपर्यंत डोक्याने तल्लख होत्या, त्यामुळे हे लगेच भयानक समजायचं कारण नाही, पण मुद्दल किती आटलं होतं ते बघा.

आता या वयाच्या शरीरात, जिथे काही कुळं आधीच जोरात आहेत आणि बाकीची ब्रेकवर बसली आहेत, तिथे कोणी "सगळ्यांना जागं करा" म्हणून काहीतरी टोचलं तर सगळ्यात आधी कोण उठणार? मला शंका आहे की जे आधीच उठायला टपलेत तेच. ही माझी शंका आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण ती खोटी आहे हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, माझी किंवा काकांची नाही.

आणि नुकसान दिसायला वेळ लागतो, माझा सगळा मुद्दा यावर उभा आहे. पॅरिस आणि लंडनमध्ये १९९९ पासून पुढे जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या मूळपेशींत चांगलं जीन घालून परत दिलं गेलं. वीस मुलं. उपचार चालला, मुलं घरी गेली, जगभर कौतुक झालं. मग काहींना ल्युकेमिया झाला, पहिल्या केसेस अडीच-तीन वर्षांनी, एकूण पाच जणांना, कारण नवीन जीन नेमकं वाढीच्या एका स्विचजवळ जाऊन बसलं होतं. एक मूल गेलं. हे कळलं कारण डॉक्टर त्या मुलांच्या मागावर होते, आणि त्यातूनच पुढे जास्त सुरक्षित पद्धती आल्या. दुसरी गोष्ट, एका मुलाच्या मेंदूत परक्या गर्भाच्या मूळपेशी टोचल्या होत्या, चार वर्षांनी ट्यूमर सापडला, तपासलं तर तो त्या दात्याच्याच पेशींचा. तिसरी, पाठीच्या मणक्याला इजा झालेल्या एका तरुणीला नाकातल्या अस्तराचा तुकडा मूळपेशींच्या आशेने बसवला होता, आठ वर्षांनी मणक्यात गाठ निघाली, ती नाकासारखा शेंबूड तयार करत होती. अडीच वर्षं, चार वर्षं, आठ वर्षं. जाहिरातीतले "आधी" आणि "नंतर"चे फोटो कितव्या महिन्यातले असतात तेवढं बघा.

(सगळंच नुकसान उशिरा येतं असंही नाही, अमेरिकेत तीन वयस्क बायकांच्या दोन्ही डोळ्यांत चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची नजर बघता बघता गेली, २०१७ मध्ये ते छापून आलं. पण तसल्या गोष्टी निदान लपत नाहीत.)

यावर काका काय म्हणतील मला माहीत आहे, कारण पुढच्या फोनवर ते तेच म्हणाले. अरे, मला पंधरा वर्षं थांबायला सांगतोयस, मी आहे कुठे पंधरा वर्षं? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला चटकन उत्तर नाही. त्या प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांकडे दुसरा चांगला पर्याय नव्हता, त्यांच्या आईवडिलांनी घेतलेला धोका मी समजू शकतो, मीही घेतला असता. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने अर्धवट सिद्ध झालेलं औषध मागितलं तर त्याला अडवणारा मी कोण. पण काकांचा गुडघा दुखतो आणि जिने चढताना दम लागतो. या दोन माणसांसाठी एकच नियम लावणं हाच घोळ आहे, आणि क्लिनिकवाले पहिल्याचं दुःख दाखवून दुसऱ्याला विकतात. शिवाय मी काकांना थांबा म्हणतच नाहीये, मी म्हणतोय की घ्यायचंच असेल तर ट्रायलमध्ये घ्या, जिथे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत, तुमची नोंद राहते, आणि तुमचं वाईट झालं तर ते पुढच्या माणसाला कळतं.

गंमत म्हणजे मूळपेशींच्या पेशीचक्रावर चालणारं, नीट तपासून मंजूर झालेलं औषध आहे, आणि ते जाहिरातीच्या बरोब्बर उलटं काम करतं. ट्रायलासिक्लिब. अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी केमो देण्याआधी ते देतात, ते सीडीके४ आणि ६ ला थोडा वेळ अडवतं, म्हणजे बोन मॅरोतल्या पेशी केमोच्या वेळी गप्प बसून राहतात आणि विभागणाऱ्या पेशींना मारणाऱ्या विषातून वाचतात. नंतर औषध उतरतं, पेशी परत कामाला. थोड्या वेळाची झोप, मोजून, आणि मग जाग. वय मागे नेण्याचं कसलंही वचन नाही, म्हणून त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

तर मागणी काय ते नीट लिहितो. जीन थेरपीत जिथे उपचार पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा जाऊन बसतो तिथे अमेरिकी नियामक पंधरा वर्षांपर्यंत पेशंटवर लक्ष ठेवायला सांगतात, तोच आकडा इथे घ्या. मूळपेशी टोचणारं, जागं करणारं किंवा त्यांचे ब्रेक सैल करणारं काहीही पैसे घेऊन विकायचं असेल तर प्रत्येक पेशंटची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये, वर्षातून एकदा निदान रक्ताची तपासणी, वाढलेली कुळं शोधणारी, आणि कॅन्सर झाला तर तो कळवणं बंधनकारक. पेशंटचं नाव गुप्त, क्लिनिकचं नाव उघड. याला विरोध म्हणून सांगतात की खर्च वाढेल आणि छोटे लोक बाहेर पडतील. वाढेल. पंधरा वर्षांचा खर्च ज्याला परवडत नाही त्याने पंधरा वर्षं शरीरात राहणारी गोष्ट विकू नये, मला यात काही अन्याय दिसत नाही. खरी अडचण वेगळीच आहे, यातली काही क्लिनिकं फार वर्षं टिकत नाहीत, नाव बदलतात, दुसऱ्या देशात जातात, मग आठव्या वर्षी गाठ निघाली तर फोन कोणाला करायचा? म्हणून परवाना देतानाच प्रत्येक पेशंटमागे तपासणीची रक्कम आगाऊ सरकारकडे जमा करून घ्यावी, क्लिनिक असो नसो, त्यातून पंधराव्या वर्षाची रक्ततपासणी झाली पाहिजे.

काकांनी हा सगळा मजकूर वाचला आणि तिकडे फोन करून विचारलं की पंधराव्या वर्षी माझं रक्त कोण तपासणार. पलीकडच्या मुलीने त्यांना होल्डवर ठेवलं.